कोरी पट्टी

धाकटीने रबरी बूच नाकाजवळ नेलं, डोळे मिटून श्वास ओढला, क्षणभर थांबली आणि मग ते बूच काचनळीच्या तोंडावर अंगठ्याने दाबून बसवलं. नळीत कागदाची एक पांढरी पट्टी होती. तिला कशाचाही वास नव्हता, आणि नसायलाच हवा होता.

"झाला का तुझा तो खास संच?" जिराफाने दारातून विचारलं.

जिराफ हा तिचा साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेतला सहकारी. उंचीमुळे पडलेलं हे नाव त्याने इतकं आपलंसं केलं होतं की नव्या माणसाला तो स्वतःच तशी ओळख करून द्यायचा. आत्ता दोन्ही बगलेत घडीच्या खुर्च्या घेऊन तो ग्रंथालयाच्या मागच्या खोलीच्या चौकटीत वाकून उभा होता.

"झाला," धाकटी म्हणाली. "नवी बुचं संपली. गेल्या आठवड्यात शाळेच्या कार्यक्रमाला वापरलेली होती ना, धुतलेली, त्यांतली घेतली."

"वास घेऊन बघितलास? रबर फार आतल्या गाठीचं असतं. धुतलं तरी सोडत नाही."

"मला शिकवतोस?"

"नाही बाई. तूच मला शिकवलंस, तेच परत म्हणतोय." तो खुर्च्या सावरत निघाला आणि पुन्हा मागे वळला. "बाकी सगळे संच मी भरलेत. मग हा एकच तू का भरलास?"

"आई येणार आहे."

"काकू? वा. मग आईला जास्तीचे मार्क द्यायचे असतील."

धाकटीने पाचही नळ्या लाकडी घोडीत ओळीने उभ्या केल्या आणि घोडीच्या तळाला पेन्सिलीने एक बारीक फुली मारली. आईसमोरच्या नळ्यांची खात्री तिला स्वतःला हवी होती, म्हणून ही घोडी दुसऱ्या कुणासमोर जाऊन चालणार नव्हतं.

शहरात आठवडाभर विचारमहोत्सव चालू होता. नगरभवन, ग्रंथालय, जुना जलतरण तलाव, जिथे म्हणून छप्पर होतं तिथे कुणी ना कुणी काही ना काही समजावून सांगत होतं. वरच्या मजल्यावर एक गणिती झोपेबद्दल बोलणार होता. त्याच्या व्याख्यानाला लोक खरोखरच झोपतात, असं स्वयंसेवकांमध्ये बोललं जात होतं. अंगणातल्या मांडवात 'नदीला हक्क असतात का' यावर वाद होता आणि आवाजावरून तो चांगलाच पेटलेला वाटत होता. खालच्या वाचनकक्षात धाकटीची कार्यशाळा होती: 'नाकाने विचार करा'. नाव जिराफाने सुचवलेलं. धाकटीला ते थिल्लर वाटलं होतं, पण सगळ्या जागा सर्वांत आधी भरल्या त्या त्यांच्याच कार्यशाळेच्या.

कार्यशाळा साधी होती. प्रत्येकासमोर पाच नळ्या, प्रत्येक नळीत एक पट्टी. बूच काढायचं, वास घ्यायचा, ओळखायचा. लिंबू, कॉफी, व्हिनेगर, डांबरगोळी. आणि पाचांतली एक पट्टी कोरी. कोरीबद्दल आधी सांगायचं नाही, हा त्यांच्या प्रयोगशाळेचा जुना शिरस्ता. कोरीवर जो वास सांगतो तो नाकाने नव्हे, भिडेने उत्तर देतो, असं तिथे म्हणत. भल्याभल्यांची त्या कोऱ्या पट्टीने फजिती केलेली होती. आजवर तिचा उपयोग एवढाच, की लोकांनी हसावं आणि आपल्या नाकापेक्षा आपलं मन किती बोलघेवडं आहे हे घरी घेऊन जावं.

आज धाकटीला तिचा उपयोग वेगळ्या कामासाठी करायचा होता.

*

संशय यायला एक दुपार पुरली होती.

गेल्या महिन्यात धाकटी आईकडे गेली होती. आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, पाठीने ताठ, जिभेने त्याहून. धाकटी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. आईने शेगडीवर दूध ठेवलं आणि ती विसरली. दूध उतू गेलं, शेगडी विझली आणि गॅस तसाच येत राहिला. शेवटी शेजारच्या काकूंनी घंटेवर बोट ठेवलं ते काढलंच नाही. "जिन्यापर्यंत वास येतोय, तुम्ही दोघी आत करताय काय?" असं म्हणत त्या थेट स्वयंपाकघरात घुसल्या आणि त्यांनी बटण बंद केलं. आई मागच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घडी घातलेला टॉवेल होता. ती काकूंकडे बघत नव्हती. धाकटीकडे बघत होती.

त्याच संध्याकाळी धाकटीने परदेशातल्या दादाला फोन केला.

"आईला वासच आला नाही," ती म्हणाली. "अख्खं घर गॅसने भरलं होतं."

"तू होतीस ना तिथे?"

"मला सर्दी होती. आणि मी कामात होते. मी नसते तर काय, याचा विचार कर."

दादा विचार करणाऱ्यांतला नव्हता, निर्णय घेणाऱ्यांतला होता. "नक्की करून सांग," तो म्हणाला. "वास जात असेल तर तिला एकटं ठेवायचं नाही. तू सांगितलंस की मी येतो. घर बंद करू, तिला तुझ्याकडे हलवू."

"ती ऐकणार आहे का? म्हणते, या घरातून मी आडवी होऊनच निघेन."

"म्हणूनच म्हणतो, नक्की कर. पुरावा असला की आई वाद घालत नाही. शिक्षिका आहे ती."

त्यानंतर धाकटी आईकडे जायची ती डोळे उघडे ठेवून. आणि डोळे उघडे ठेवले की दिसायला काही कमी नव्हतं. आई दुधाचं पातेलं घेऊन टेबलाशी यायची आणि म्हणायची, "हे बघ गं, लागलंय का?" धाकटी वास घेऊन सांगायची, "नाही, ठीक आहे." पुढच्या खेपेला आई उशीचा अभ्रा पुढे करायची, "याला कुबट वास येतोय का?" कधी कपाटातून काढलेली शाल. कधी नुसतं दारात उभं राहून, "काही जळतंय का गं कुठे?" जिला स्वतःला वास कळतो ती बाई असं प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्याला कशाला विचारेल? शिवाय विचारताना आई वस्तूकडे बघायची नाही. धाकटीच्या तोंडाकडे बघायची, उत्तर तिथे छापलेलं असल्यासारखी. आणि उत्तर मिळालं की गप्प होऊन आत जायची. धाकटीला ते गप्प होणं ओळखीचं होतं. नापास होणारी मुलं अशीच गप्प होतात, असं आईच पूर्वी सांगायची.

स्वयंपाकही बिघडला होता. आईच्या हाताला पूर्वी चव होती. आता भाजी काय, सूप काय, सगळं मिळमिळीत. धाकटी मिठाची वाटी ओढून घ्यायची आणि आई तिच्या हाताकडे बघत राहायची. वास गेला की चवीचा अंदाज जातो, हे धाकटीला पुस्तकात बघायची गरज नव्हती. घ्राणेंद्रियाची मज्जा, तिचे तंतू, वयाबरोबर त्यांचं विरळ होणं, हे सगळं तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. कारखान्यात ती आधी वास घेणाऱ्यांच्या मंडळावर होती, मग बढती मिळून यंत्राच्या खोलीत गेली. तिथे वासाचा एक थेंब यंत्राला दिला की पडद्यावर डोंगररांग उमटायची, आणि कुठल्या शिखराखाली काय दडलंय हे ती एका नजरेत सांगायची. नाकापेक्षा यंत्र बरं, असं तिचं मत झालं होतं. यंत्राला सर्दी होत नाही आणि यंत्र भिडेखातर बोलत नाही.

आई मात्र बोलली असती. म्हणून ही कोरी पट्टी.

*

आई वेळेआधीच आली. छत्री, पर्स आणि पाठीचा कणा, तिन्ही सरळ. ती पहिल्या रांगेत बसली आणि तिने वाचनकक्षाच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा चष्म्यावरून तपासला.

"जुना आहे," ती म्हणाली. "यातले निम्मे देश आता नाहीत."

"आई, नकाशा बघायला बोलावलेलं नाही."

"मग कशाला बोलावलंयस?" आईने विचारलं. आवाज साधा होता. नजर साधी नव्हती. "इतकी वर्षं तुझे कार्यक्रम होतात. कधी ये म्हणाली नाहीस."

"मजा येईल म्हणून."

"अस्सं," आई म्हणाली.

जिराफाने संच वाटले. फुलीची घोडी धाकटीने स्वतः नेऊन आईसमोर ठेवली. आईशेजारी एक जाड चष्म्याचे गृहस्थ बसले होते. त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं की आपलं नाक म्हणजे घराण्याची शान आहे आणि बायकोने कुठली भांडी नीट धुतली नाहीत हे आपण बाहेरच्या खोलीतून सांगू शकतो.

"आणि धुवून देत नाही?" आईने विचारलं.

मागच्या दोन रांगा हसल्या. गृहस्थही हसले, पण जरा उशिरा.

धाकटीने सुरुवातीला थोडं बोलून घेतलं. वासाची वाट, नाकातून मेंदूपर्यंतची, किती आखूड आहे ते, आणि नाकात नुसतं टोचणं म्हणजे वास नव्हे, हेही सांगितलं. मग ती म्हणाली, "नजर अधू झाली की माणूस चष्मा मागतो. कान गेले की टीव्ही मोठा करतो. नाकाचं तसं नसतं. वास दिवा विझल्यासारखा जात नाही. उन्हात ठेवलेल्या कापडाचा रंग उडतो तसा जातो. ज्याचा जातो त्याला सगळ्यात शेवटी कळतं. कारण कॉफी बघितली की मेंदू जुना वास काढून देतो, आणि आपल्याला वाटतं, आला की."

हे बोलताना ती आईकडे बघत होती. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"मग त्याला सांगायचं कुणी?" आईने विचारलं. हात वर करून, वर्गात करायला लावायची तसा.

"घरच्यांनी," धाकटी म्हणाली. "पण घरचे बहुतेक वेळा गप्प बसतात. वाईट वाटेल म्हणून."

"तसं असतं खरं," आई म्हणाली.

पहिल्या नळीला सगळा कक्ष एका सुरात 'लिंबू' म्हणाला. आई म्हणाली, पण सर्वांच्या मागून. दुसऱ्या नळीला चष्मेवाल्या गृहस्थांनी कॉफी सांगितली, वर ती कुठल्या दर्जाची हेही सांगितलं. आईने नळी नाकाशी धरली, खाली ठेवली, धाकटीकडे बघितलं आणि मग म्हणाली, "कॉफी." तिसऱ्यालाही तेच. आधी शेजाऱ्याला बोलू द्यायचं, मग आपण. धाकटी मनात खुणा करत गेली. तिला वाईट वाटत होतं. पण एखादं कोडं बरोबर सुटत चाललं की त्याचा जो एक गार आनंद असतो तोही होत होता, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटत होती.

"चौथी नळी," ती म्हणाली. "आता एक गंमत करू. कुणी बोलायचं नाही. आधी या पहिल्या रांगेतल्या बाई सांगतील."

"मला विचारतेस?" आई म्हणाली.

"हो."

आईने बूच काढलं. नळी नाकाखाली धरली. या वेळी तिने घाई केली नाही, कुणाकडे बघितलं नाही. डोळे मिटून तिने श्वास घेतला, आणि ती जराशी हसली.

"लवंग," ती म्हणाली.

कक्षात चुळबुळ झाली. आपापल्या नळ्या नाकाला लावून बसलेले लोक एकमेकांकडे बघू लागले.

"लवंग?" चष्मेवाले गृहस्थ म्हणाले. "माझ्या नळीत तर काहीच नाही. नुसता कागद."

"माझ्याही," मागून कुणी म्हणालं.

संशय असणं वेगळं आणि तो डोळ्यांसमोर उभा राहणं वेगळं. आज लवंग आणलेलीच नव्हती. शेजाऱ्याची नक्कल करायचा रस्ता बंद झाला तशी आईने हवेतून एक वास काढून दिला होता. धाकटीने आवाज शक्य तितका हलका ठेवला.

"ही पट्टी कोरी आहे," ती सगळ्यांना म्हणाली. "आणि बाईंचं काही चुकलेलं नाही. असं होतंच. काहीतरी असणार असं आपण धरून चालतो, मग मेंदू रिकामी जागा भरून काढतो."

आईने तिचं बोलणं पुरं होऊ दिलं. मग नळी तिच्यापुढे धरली.

"तू घेऊन बघ ना," ती म्हणाली.

धाकटी दोन पावलं पुढे झाली. वाकून तिने नळीतून श्वास घेतला, नीट, शिकवावा तसा, दोन आखूड आणि एक लांब.

"काही नाही, आई," ती हळू म्हणाली. "कोरी आहे."

आईचा चेहरा तिच्या अगदी जवळ होता. त्यावर ओशाळेपण येईल, निदान हट्ट येईल, असं धाकटीला वाटलं होतं. आलं ते वेगळंच काही, तिला न वाचता आलेलं. शाळेत असताना तिला ताप चढला की हात लावून बघणारी आई अशी दिसायची.

"बघू, बघू," म्हणत चष्मेवाले गृहस्थ नाक पुढे करून आईच्या नळीकडे झुकले.

आईने बूच लावलं. अंगठ्याने दाबून, पक्कं.

"आपापल्या नळीत बघा," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पेपरात डोकवायचं नाही."

सगळा कक्ष हसला. गृहस्थांनी कानाला हात लावले. आईने नळी घोडीत परत ठेवली आणि धाकटीला म्हणाली, "बरं. कोरी तर कोरी. पुढचं घे."

*

लोक गेल्यावर कक्षात खुर्च्यांचे आडवेतिडवे पाय तेवढे राहिले. वरून टाळ्यांचा आवाज आला. झोपेवरचं व्याख्यान संपलं असावं. आई 'बाहेर बसते' म्हणून गेली होती. धाकटी टेबलाला टेकून फोनमध्ये दादासाठी मजकूर लिहीत होती. 'नक्की झालं' एवढं लिहून ती थांबली होती. पुढे काय लिहायचं ते ठरलेलं होतं, फक्त बोट जात नव्हतं.

"काय गं, चेहरा असा का?" जिराफ नळ्या गोळा करत म्हणाला. "झक्कास झालं की. पुढच्या वर्षी मोठा हॉल मागू."

"आईने कोरीवर लवंग सांगितली."

"सांगू दे. माझ्या काकाने एकदा कोरीवर पेट्रोल सांगितलं होतं. अजून भांडतो."

"तसं नाही रे. तिचं नाक गेलंय. मला महिनाभर संशय होता. आता दादा येईल, घर बंद करेल. ती माझ्याशी बोलणार नाही, वर्षभर तरी."

जिराफ हातातलं काम जास्त नेटाने करू लागला. त्याने फुलीची घोडी ओढली आणि एकेक बूच उपटून पट्ट्या टोपलीत टाकायला सुरुवात केली. चौथ्या नळीशी तो थांबला. डोकं मागे घेतलं.

"ही कोरी?"

"हो. चौथी."

"ही तू भरलीस?"

"हो. का?"

"अगं, लवंगेचं झाड उगवलंय यात." त्याने बूच उलटं करून नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "बूच. गेल्या आठवड्यातलं बूच आहे हे. तेव्हा लवंग होती ना आपल्याकडे. तरी मी म्हटलं होतं, रबर सोडत नाही. काकूंचं बरोबर होतं की मग." तो हसला. "वास घेऊन बघितलास म्हणालीस."

"बघितला होता."

"मग घाईत असशील," जिराफ म्हणाला आणि तेवढ्यावर ते सोडून खुर्च्या उचलायला गेला. खुर्च्या दुसऱ्या टोकाला होत्या. तिकडून त्याची शीळ ऐकू येत राहिली.

धाकटीने बूच उचललं. नाकाशी नेलं. रबराचा गार, गुळगुळीत स्पर्श वरच्या ओठाला झाला. तिने श्वास घेतला, पुन्हा घेतला. मग नळी उचलून घेतली. वाट बघितली.

टेबलावर अजून न उघडलेला एक संच होता. कुणीतरी नाव नोंदवून आलंच नव्हतं. तिने त्या नळ्या घोडीतून काढल्या, आकडे दिसू नयेत म्हणून डोळे मिटून टेबलावर इकडच्या तिकडे फिरवल्या आणि मिटल्या डोळ्यांनीच त्यातली एक उघडली. ही कॉफी असेल, ती मनात म्हणाली, आणि लगेच कॉफीचा वास आल्यासारखा वाटला. मग म्हणाली, नाही, लिंबू. तर लिंबूही आलं. तिने काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं आणि नुसता श्वास घेतला.

एकामागून एक तिने पाचही उघडल्या. फक्त एका नळीने नाकात आत कुठेतरी बारीक टोचलं. ते व्हिनेगर असणार, पण ते टोचणं वास नव्हे, हे तीच मघाशी लोकांना सांगत होती. बाकी सगळ्या कोऱ्या होत्या.

*

ग्रंथालयाच्या पायऱ्यांशी कॉफीची गाडी होती. शेजारच्या बाकावर आई छत्री मांडीवर आडवी ठेवून बसली होती, आणि अंगणातल्या मांडवातून भांडत बाहेर पडणाऱ्या लोकांकडे करमणूक म्हणून बघत होती. तिच्या बाजूला कागदाचे दोन कप होते.

"एक तुझा," ती म्हणाली. "निवत आलाय. नदीचं काही ठरलेलं दिसत नाही. दोघंही म्हणतायत आपण जिंकलो."

धाकटी बसली. कप हातात घेतला, पण तसाच धरून राहिली. फोन हलला. दादाचं नाव आलं, थरथरलं आणि गेलं.

"घ्यायचास ना," आई म्हणाली.

"काय सांगू त्याला?"

"मला काय विचारतेस? तुझ्या कार्यशाळेत काय निघालं ते सांग. चार लोकांसमोर घेतलीस ती परीक्षा, निकाल लपवून चालतो का?"

तिच्या आवाजात टोमणा होता, पण टोक मोडून ठेवलेला. धाकटीला वर बघवेना. म्हणजे घोडी समोर आली तेव्हापासून आईला सगळं माहीत होतं. कदाचित 'मजा येईल' म्हटलं तेव्हापासूनच. आणि तरी ती छत्री घेऊन वेळेआधी येऊन बसली होती.

"आई, त्या दिवशी दूध उतू गेलं तेव्हा तू कुठे होतीस?"

"मागच्या खोलीत. दार लावून कपड्यांच्या घड्या घालत होते."

"आणि मी?"

आईने लाकडी काडी कपात एकदा फिरवली. टेबलापासून शेगडी हाताच्या अंतरावर होती. तिथे बसून भात ढवळता यायचा, असं आई कौतुकाने पाहुण्यांना सांगायची.

"तू कामात होतीस," ती म्हणाली.

मांडवातला वाद आता फाटकापर्यंत पोचला होता. एक स्वयंसेवक दोन्ही पक्षांना फाटकाबाहेर वाद घालण्याची विनंती करत होता.

"तू बोलली का नाहीस?" धाकटीने विचारलं.

"विचारत तर होते की गं," आई म्हणाली. "दूध लागलंय का, शाल कुबट आहे का. दूध तर तळाशी काळं झालं होतं. तू ठीक आहे म्हणालीस आणि कपभर प्यायलीस." तिने काडी कपाच्या कडेला टेकवली. "मला वाटलं, तूच शिकवतेस सगळ्यांना. तुझं तुला कळेल."

धाकटीने फोन उघडला. दादासाठी लिहिलेले दोन शब्द तसेच होते. 'नक्की झालं.' तिने ते पुसले नाहीत. त्यांच्यापुढे लिहिलं, 'आईचं नाक उत्तम आहे. घर बंद करायचं नाही. ये मात्र, माझं काम आहे.' आईने तिरक्या नजरेने ते वाचलं. दुसऱ्याच्या पेपरात डोकवायचं नाही, हा नियम ती बहुधा स्वतःला लावत नसावी.

"उद्या कुणाला तरी दाखवून घेऊ," आई म्हणाली. "मी येते बरोबर. आणि तोवर तुझ्याकडची शेगडी तू लावायची नाहीस. जेवायला माझ्याकडे यायचं."

"हं."

"मीठ मी घालीन तेवढंच."

"बरं."

कप अजून धाकटीच्या हातात होता. वर दुधाचा पातळ पापुद्रा धरला होता. तिने तो ओठांपाशी नेला, आणि थांबली. मग तसाच आईपुढे धरला.

आईने वाकून वास घेतला. घाई केली नाही.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पी."

मग धाकटी प्यायली.